वळताना कट्‌कट् : पंधरा वर्षांच्या गाडीचा सीव्ही जॉइंट

आमची छोटी पेट्रोल गाडी नोव्हेंबर २०१०ची. नोव्हेंबर २०२५मध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार, आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागणार, हे वर्षाच्या सुरुवातीपासून डोक्यात होतं. त्यात जुलैमध्ये पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. गाडी मी रोज चालवते, पण तिच्या पोटात काय असतं याची मला फारशी माहिती नव्हती. पुढच्या काही महिन्यांत जे कळलं, जे पैसे लागले आणि जिथे थांबावं लागलं, ते क्रमाने लिहिते आहे. कुणाची गाडी असाच आवाज करत असेल तर धीर येईल.

बडोद्यात मी समाला राहते आणि आई दांडिया बाजारात. आईकडे जायचं म्हणजे शेवटी एका अरुंद बोळात शिरावं लागतं. तिथे डावीकडे पुरतं स्टीअरिंग फिरवून थोडं अॅक्सिलरेटर दाबलं की कट्-कट्-कट् ऐकू यायचं. मोठ्या रस्त्यावर पत्ता लागत नसे, कारण एक तर सरळ जाताना तो आवाज होतच नव्हता आणि दुसरं म्हणजे बडोद्याच्या रहदारीत काय ऐकू येणार? बोळात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून तो परत यायचा आणि खिडकी उघडी असली की अगदी स्पष्ट कळायचा. वेग वाढला की कटकट जलद, कमी केला की संथ. चाकाच्या फेऱ्यांशी त्याचा ताल जुळतो आहे, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. पुढे निदानाला हीच गोष्ट सगळ्यांत उपयोगी पडली.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवर चढवली, चाक हाताने हलवून पाहिलं आणि एस्टिमेट हातात ठेवलं : दोन्ही बाजूंचे अख्खे एक्सल (गिअरबॉक्सकडून चाकापर्यंत ताकद नेणारे दांडे), पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर, त्यांचे माउंटिंग, अलाइनमेंट. एकूण अठरा हजार चारशे. गाडी रस्त्यावर चालवून पाहिली नाही. आवाज कुठल्या बाजूचा, असं विचारलं तर "दोन्ही बाजूंचं करून टाका, मॅडम, जुनी गाडी आहे" असं उत्तर मिळालं. पोटात गोळा आला. पंधरा वर्षांच्या गाडीवर एवढे घालायचे, वर आरटीओचा खर्च वेगळा, मग ठेवायची कशाला, असा विचार घरी दोन दिवस चालला होता. नवरा म्हणाला, विकून टाकू. मला ते पटेना. इंजिन उत्तम आहे, मायलेज चांगलं आहे आणि गाडी माझ्या हातात बसलेली आहे.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. मकरपुरा जीआयडीसीत मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचून घडी घालून परत दिला.

"अगं, आवाज कसला आहे ते ठरल्याशिवाय कुठलाही पार्ट बदलू नकोस. उद्या सकाळी टॉर्च घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टीअरिंग पुरतं उजवीकडे फिरवायला लावलं. तसं केलं की उजव्या चाकाचा मागचा भाग उघडा पडतो आणि जॅक न लावताही आत बघता येतं. टॉर्च मारला. चाकाच्या आतल्या कडेला सगळीकडून काळ्या ग्रीसचा पट्टा उमटला होता आणि शॉक अॅब्सॉर्बरच्या नळीवर त्याच ग्रीसचे शिंतोडे वाळून बसले होते. एक्सलच्या टोकाला एक घड्यांचं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. त्याची एक घडी बोटाच्या पेराएवढी फाटली होती. काकांनी ती दोन बोटांनी ताणून दाखवली तेव्हा आत ओलसर, तपकिरी काहीतरी दिसलं. डाव्या चाकामागे रबर कडक झालेलं होतं, पण अखंड होतं आणि चाकाची आतली बाजू कोरडी होती.

मग त्यांनी समजावलं ते इथे देते, कारण हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली. पूर्वी बाबांकडे पद्मिनी होती. तिचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागे. ॲम्बॅसडरचंही तसंच. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हापासून पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाड्या आपल्याकडे घरोघरी झाल्या. पुढचं चाक वळतंही आणि ओढतंही. म्हणजे इंजिनाची ताकद एका अशा सांध्यातून चाकापर्यंत जायला हवी जो मनगटासारखा वाकेल, पण वाकलेला असतानाही चाकाचा वेग कमीजास्त होऊ देणार नाही. तोच सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, जॉइंट. चाकाकडच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहसा सहा पोलादी गोळ्या असतात, त्या आतल्या-बाहेरच्या खाचांमधून फिरतात आणि एक पिंजरा त्यांना जागेवर धरून ठेवतो. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरने १९२०च्या दशकात काढलेली ही रचना आजही जवळजवळ तशीच वापरली जाते. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट वेगळा असतो. तो कमी वाकतो, पण चाक वर-खाली झालं की एक्सलची लांबी त्याच्यात आत-बाहेर सरकते.

हे सगळं मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेल्या काळ्या ग्रीसमध्ये बुडालेलं असतं आणि ते ग्रीस आत ठेवण्याचं काम फक्त त्या रबरी बुटाचं. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ, पाणी आत जातं. गोळ्यांच्या खाचा खरवडल्या जातात. सरळ जाताना गोळ्या फारशा सरकत नाहीत, म्हणून आवाज येत नाही. पुरतं वळून ताकद लावली की त्या खरवडलेल्या जागेवरून जातात आणि कट् होतं.

पाणी, असं काका म्हणाले आणि मला ऑगस्ट २०२४ आठवला. जन्माष्टमीच्या आसपासचा विश्वामित्रीचा पूर बडोद्यात कोण विसरेल? आमच्या पार्किंगमध्ये चाकाच्या मध्यापर्यंत पाणी होतं आणि गाडी त्यात उभी होती. पाणी उतरल्यावर गाडी टो करून वर्कशॉपमध्ये नेली, इंजिन ऑइल, गिअर ऑइल बदललं, ब्रेक साफ झाले, सीट वाळवल्या. बिल अजून आहे माझ्याकडे. त्यावर बूट पाहिल्याची कुठेही नोंद नाही. तेव्हा कुणी चाकामागे टॉर्च मारला असता तर काम पाचशे रुपयांच्या बुटावर आणि नव्या ग्रीसवर भागलं असतं. ज्यांच्या गाड्या त्या पुरात उभ्या होत्या त्यांनी आवाज येत नसला तरी एकदा बूट पाहावेत, असं मी मनापासून सांगते. पुराच्या पाण्याचा परिणाम इंजिनात लगेच कळतो. इथे कळायला वर्ष जातं.

आता प्रश्न उरला, फक्त उजवा बाहेरचा जॉइंट गेला आहे की आणखीही काही? त्यासाठी रविवारी सकाळी जवळच्या मोकळ्या मैदानावर गेलो. काका बाहेर उभे, मी गाडीत. हे कुणालाही करता येतं, फक्त जागा मोकळी हवी आणि बाहेरच्या माणसाने गाडीपासून लांब राहायला हवं.

आधी गाडी जागेवर उभी ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आवाज नाही. शॉक अॅब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग गेलं असतं तर गाडी उभी असतानाही खट्ट झालं असतं. मग डावीकडे पुरतं वळवून पहिल्या गिअरमध्ये गोल चक्कर मारली. उजव्या बाजूने कटकट. अॅक्सिलरेटर सोडला की कमी, दाबला की जास्त. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून बहुतेक वेळा आवाज बाहेरच्या बाजूचा असतो. मात्र हा ठोकताळा आहे. फाटलेला बूट त्याच बाजूला सापडला म्हणून आम्ही त्यावर विसंबलो. उजवीकडे वळवून चक्कर मारली तर शांत. रिव्हर्समध्ये डावीकडे वळवून मागे नेली तेव्हा पुन्हा तीच कटकट, जरा मोठी.

मग रस्त्यावर नेली. खड्ड्यातून जाताना खडखड नाही, म्हणजे सस्पेन्शनचे छोटे सांधे, स्टॅबिलायझर लिंक आणि बॉल जॉइंट, ठीक. पन्नास-साठच्या वेगात घूं घूं असा सलग आवाज नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग ठीक. जोरात पिकअप घेताना गाडी थरथरत नाही, पाय काढला-दाबला तरी धडक बसत नाही, म्हणजे आतले जॉइंट शाबूत. सगळं काकांनी एका कागदावर लिहून काढलं. तो कागद मी पुढे मेकॅनिकच्या हातात दिला. तुम्हीही लिहूनच न्या. तोंडी "पुढून आवाज येतो" एवढंच सांगितलं की एस्टिमेट अंदाजपंचे होतं.

काकांनी बजावलं, असा जॉइंट आठवडे टिकेल किंवा महिने, कुणी सांगू शकत नाही. अगदीच तुटला तर चाकाला ताकदच जाणार नाही आणि गाडी जिथे असेल तिथे थांबेल. म्हणून अहमदाबादच्या एक्सप्रेस वेवर जायचं नाही, वळणावर जोर लावायचा नाही. मी तसंच केलं. ऑगस्टच्या अखेरीला गणपती आले, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे रस्ते मिरवणुकांनी भरले, त्या दिवसांत मी रिक्षाने आईकडे गेले. गाडी उभी असली तरी जीव धाकधूक करायचाच.

काकांच्या ओळखीचा प्रतापनगरकडे एक छोटा गॅरेजवाला होता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे गेले. त्याने कागद वाचला, बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "बेन, पहेला गाडी चलावीने बतावो," म्हणाला आणि शेजारी बसला. दोन वळणं झाल्यावर म्हणाला, "आखो एक्सल बदलवानी जरूर नथी. खाली बहारनो जॉइंट गयो छे." म्हणजे अख्खा एक्सल बदलायची गरज नाही, फक्त बाहेरचा जॉइंट गेला आहे. इतके दिवस जे ऐकायची वाट पाहत होते ते असं रस्त्यात मिळालं.

त्याने पर्याय मोकळेपणाने सांगितले. अख्खा एक्सल जोडून मिळतो, काम लवकर होतं, पण महाग. नुसता बाहेरचा जॉइंट बूट, ग्रीस, क्लॅम्पसकट मिळतो. लेबर थोडी जास्त, पण एकूण निम्म्याच्या आत. स्वस्तातला रीकंडिशन एक्सल त्याने स्वतःच नको म्हटलं, कारण आतल्या खाचा कशा आहेत ते कळत नाही. डावे-उजवे जॉइंट आपसांत बदलून काही दिवस आवाज घालवायची जुनी युक्तीही असते. तीही नको म्हणाला, गाडी ठेवायची असेल तर. डावा जॉइंट चांगला होता, पण बूट कडक झाला होता. गाडी उघडणारच आहोत तर तोही साफ करून नवा बूट घालू, असं ठरलं.

पार्टच्या दुकानात चौकशी केली तेव्हा जॉइंटच्या डब्याची किंमत तीन हजार बहात्तर सांगितली, अठ्ठावीस टक्के जीएसटी धरून. नेमके त्याच सुमारास नवे दर जाहीर झाले होते. दुकानदार म्हणाला, "बावीस तारीख पछी लेजो बेन, सस्तुं पडशे." २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या पार्टवर अठरा टक्के झाले आणि तोच डबा दोन हजार आठशे बत्तीसला मिळाला. दोनशे चाळीस रुपयांसाठी मी थांबले नसते. पण त्याच दिवशी नवरात्र सुरू होत होतं आणि त्याआधी गॅरेजवाल्याकडे जागाही नव्हती.

२५ सप्टेंबरला, गुरुवारी, गाडी दिली. नवरात्रात बडोद्यात गॅरेजमध्ये सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. पोरं मध्यरात्रीपर्यंत गरब्यात असतात. अकराला काम सुरू झालं. मला बसायला स्टूल मिळालं आणि मी शेवटपर्यंत बसले. बसता येत असेल तर बसाच. काम करणाऱ्याला प्रश्न विचारले तर तो आनंदाने दाखवतो, असा माझा तरी अनुभव आहे.

चाकाच्या मधला एक्सल नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो. हवेत उचलली की चाक फिरत राहतं. आमचा गंजून बसलेला. त्यावर तेल मारून वाट पाहिली, पान्ह्याला लांब पाइप लावला, एक जण ब्रेकवर पाय ठेवून बसला, तेव्हा कुठे तो कडाक्कन सुटला. मग चाक काढलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, हबमधून शाफ्ट बाहेर ओढला. गिअरबॉक्सकडचं टोक निघताना ऑइल सांडतं, म्हणून खाली ट्रे ठेवला होता. शाफ्ट व्हाइसमध्ये धरून जॉइंट हातोड्याने ठोकून काढला. आतल्या सर्क्लिपने, म्हणजे स्प्रिंगसारख्या उघड्या कडीने, तो पकडलेला असतो.

जुना जॉइंट रॉकेलमध्ये धुऊन त्याने माझ्या हातात दिला. पिंजरा तिरपा करून एक गोळी बाहेर काढली. एका बाजूला आरशासारखी चकाकत होती. दुसरीकडे नखाने जाणवतील असे बारीक खड्डे पडलेले. तिची खाच बघितली तर तिथेही तसाच पट्टा आणि तळाशी गंजाची लालसर रेघ. इतके दिवस मनात राहिलेला तो कट् इथून येत होता. काळं ग्रीस जवळजवळ नव्हतंच. तपकिरी, कणकण असलेली घाण होती.

तो जॉइंट घेऊन आम्ही दुकानात गेलो. जुना पार्ट काढून सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत आतल्या दात्यांची संख्या वेगळी असू शकते आणि एबीएसवाल्या गाडीच्या जॉइंटवर जादा कंगोऱ्यांची रिंग असते. दुकानातल्या मुलाने एका दात्यावर खडूची खूण केली आणि जुन्यावरचे, मग नव्यावरचे दाते बोट फिरवत मोजले. आरसी बुकावरचा चासी नंबरही घेऊन गेले होते, त्याने यादीशी जुळवला. बिल पक्कं घ्या, पार्टची वॉरंटी त्यावरच मिळते.

जोडताना दोन गोष्टी त्याने मला दाखवल्या. पाकिटातलं सगळं ग्रीस भरायचं, थोडं ठेवून द्यायचं नाही. आणि क्लॅम्प आवळण्याआधी बुटाच्या तोंडातून बारीक स्क्रू ड्रायव्हर सरकवून आतली हवा सोडायची, नाहीतर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो आणि लवकर चिरतो. सर्क्लिप आणि एक्सल नट नवीनच लावले. गिअरबॉक्सच्या दोन्ही ऑइल सील बदलल्या. नट शेवटी गाडी जमिनीवर ठेवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्ह्याने) आवळला. हातोड्याने ठोकून किंवा अंदाजाने आवळू देऊ नका. सैल राहिला तर बेअरिंग जातं.

बिल असं झालं : जॉइंटचा डबा २,८३२, डाव्या बाजूचा बूट आणि ग्रीस ५२०, दोन सील २८०, दोन लिटर गिअर ऑइल ७६०, लेबर १,८००. एकूण ६,१९२ रुपये. अलाइनमेंट लागली नाही, कारण टाय रॉडला (स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याला) हात लावला नव्हता.

संध्याकाळी घरी येताना चाकातून बारीक खर्र खर्र आलं आणि माझे हातपाय गार पडले. फोन केला, तो म्हणाला तिथेच थांबा. मुलाला स्कूटरवर पाठवलं. ब्रेक डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना किंचित वाकून डिस्कला घासत होता. त्याने तो स्क्रू ड्रायव्हरने मागे ढकलला, झालं. हे काम झाल्यावर असा आवाज आला तर घाबरू नका, आधी तो पत्रा पाहा. आठवड्याने पुन्हा टॉर्च मारला. दोन्ही बाजू कोरड्या होत्या. दांडिया बाजारच्या बोळात डावीकडे पुरतं वळवून थांबले, निघाले, पुन्हा वळवलं. काहीही नाही. आईने वरून विचारलं, "काय गं, गाडी अडकली का?"

उरलं आरटीओचं. नोंदणी संपायच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५, परिवहनच्या पोर्टलवर. माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी २०२५मध्ये ५,००० रुपये होती. विमा आणि पीयूसी चालू असायला हवेत. माझी पीयूसी मध्येच संपत होती, ती आधी करून घेतली. तुमचीही तारीख पाहून ठेवा. दसऱ्यानंतर दरजीपुऱ्याला गाडी तपासणीसाठी नेली. रांग लांब होती, ऊन होतं, पाण्याची बाटली सोबत असू द्या. इन्स्पेक्टरने चासी नंबर जुळवला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, टायर पाहिले, गाडी पुढे-मागे घ्यायला सांगितली. मी स्टीअरिंग पुरतं वळवून रिव्हर्स घेतला तेव्हा कान आपोआप उजव्या चाकाकडे गेले.

नवी आरसी टपालाने आली, नोव्हेंबर २०३०पर्यंतची. आतले दोन्ही बूट मात्र अजून मूळचे, पंधरा वर्षांचे आहेत. गॅरेजवाला म्हणाला, सध्या चिरा नाहीत, पण पुढच्या पावसाळ्याआधी बदलून टाकू. जूनच्या पहिल्या आठवड्यातली वेळ त्याच्या डायरीत लिहून आले आहे.